चहा का नको, पाणी का हवं? सोनोग्राफीला येण्याआधी वाचा

"उपाशीच आहे जी, फक्त चहा घेतला." हे वाक्य आमच्या काउंटरवर रोज ऐकू येतं. कामठी, उमरेड, काटोलहून पहाटेची बस धरून आलेल्या माणसाला "उद्या या" म्हणणं आमच्या जिवावर येतं. म्हणून हे पत्रक. चहा का नको, पाणी का हवं आणि पोटावर तो गार, चिकट जेल कशासाठी, हे कळलं तर तुमची फेरी वाया जाणार नाही.

सोनोग्राफी म्हणजे आवाजाने घेतलेला शोध. खोल, कोरड्या विहिरीत वाकून हाक मारली की ती तळाला आपटून परत येते. जेवढी उशिरा येईल, तेवढा तळ खोल. मशीन हेच करतं. फक्त त्याची हाक आपल्याला ऐकू येत नाही. माणसाच्या कानाची झेप 20 ते 20,000 हर्ट्झपर्यंत असते, म्हणजे सेकंदाला तेवढी कंपनं. आमचा प्रोब, म्हणजे अंगावर टेकवून फिरवतो ते हातातलं यंत्र, साधारण 2 ते 15 मेगाहर्ट्झवर काम करतो. एक मेगाहर्ट्झ म्हणजे सेकंदाला दहा लाख कंपनं. काही स्फटिक दाबले की त्यांच्यात वीज तयार होते, हे पिएर आणि जाक क्युरी या भावांनी 1880 मध्ये दाखवलं. उलटही घडतं: वीज दिली की ते थरथरतात. प्रोबच्या टोकाला याच गुणाचे बारीक तुकडे बसवलेले असतात. तेच हाक मारतात आणि तेच कान देतात.

आवाज किती वेगाने जाईल, हे तो कशातून जातोय यावर ठरतं. नागपुरात मे महिन्यात पारा 45 अंशांवर गेला की हवेतून तो सेकंदाला सुमारे 359 मीटर धावतो, थंडीतल्या 10 अंशांच्या पहाटे सुमारे 337. शरीराच्या मऊ भागांतून मात्र सरासरी 1540 मीटर, आणि मशीन हाच आकडा धरून हिशेब करतं. सेकंदाचे दहा लाख भाग केले, तर एक सेंटीमीटर खोलवर जाऊन परत यायला त्यातले फक्त 13 लागतात.

कंपनं जितकी जास्त, तितकं चित्र बारीक. पण तितकीच ती लवकर विरतात. म्हणून गळ्यातल्या थायरॉइडला एक प्रोब आणि पोटाला दुसरा. मध्येच प्रोब बदलला तर काही बिघडलं असं समजू नका.

आता मुख्य अडचण, हवा. मऊ मांसातून जाणारी ध्वनिलहर हवेच्या सीमेवर आली की तिचा 99.9 टक्के भाग तिथूनच माघारी फिरतो. त्यापलीकडचं काहीच दिसत नाही. प्रोब आणि कातडी यांच्यात हवेचा पातळ थर राहिला तरी एवढं होतं. जेल ती फट भरून काढतो, बाकी त्यात औषध वगैरे काही नसतं. हिवाळ्यात आम्ही त्याची बाटली कोमट पाण्यात ठेवतो, तरी थोडा गार लागेलच.

आतड्यांतला गॅस ही तीच हवा. गर्भाशय, अंडाशय किंवा प्रोस्टेट पाहायचं असेल तेव्हा तुडुंब भरलेली लघवीची पिशवी आतड्यांना बाजूला सारते. पाण्यातून आवाज जवळजवळ विनाअडथळा जातो, त्यामुळे ती पिशवीच आमची खिडकी होते. म्हणून तासभर आधी चार-पाच ग्लास पाणी प्या आणि लघवी रोखून धरा. त्रास होतो, हे आम्हाला ठाऊक आहे. पोट तटतटलं की लगेच सांगा.

पित्ताशयाची गोष्ट वेगळी. उपाशीपोटी ते पित्ताने भरून छोट्या वांग्यासारखं टम्म दिसतं. पित्त पातळ, म्हणून पडद्यावर ते काळंभोर. त्यात खडा असला तर पांढरा ठिपका चमकतो आणि त्याच्या मागे काळी सावली पडते, कारण खड्याने आवाज अडवलेला असतो. तुम्हाला कुशीवर वळायला सांगतो ते याचसाठी: सुटा खडा घरंगळतो, भिंतीला चिकटलेला मांसाचा कोंब (पॉलिप) जागचा हलत नाही. पण दुधाचा चहा किंवा तर्री-पोहे पोटात गेले की पित्ताशय आकसतं, पित्त आतड्यात सोडून देतं आणि हे सगळं पाहणं अवघड होऊन बसतं. तेव्हा पूर्ण पोटाच्या तपासणीआधी सहा ते आठ तास काही खाऊ नका, चहाही नको. साधं पाणी चालेल.

सोनोग्राफीत एक्स-रे किंवा सीटी स्कॅनसारखे किरण नसतात. अशा तपासणीने अपाय झाल्याचं आजवर सिद्ध झालेलं नाही, तरीही बाळाची तपासणी आम्ही गरजेपुरतीच करतो. आणि मुलगा की मुलगी हे कृपया विचारू नका. 1994 च्या कायद्याने ते सांगणं गुन्हा आहे आणि कायदा नसता तरी आम्ही सांगितलं नसतं. गरोदर ताईंनी ओळखपत्र आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोबत ठेवावी, याच कायद्यानुसार गरोदरपणातल्या सोनोग्राफीसाठी असलेला फॉर्म एफ भरावा लागतो.

मधुमेह असेल आणि इन्सुलिन किंवा गोळी सुरू असेल, तर उपाशी राहण्याआधी तुमच्या डॉक्टरांना विचारा आणि आम्हालाही कळवा. तुमचा नंबर सकाळी सगळ्यात आधी लावू. जुना रिपोर्ट असला तर तोही आणा. मागच्या वेळी खडा किती मिलीमीटरचा होता, हे त्यातच सापडतं.