सीमा हाट (भारत–बांगलादेश)

भारत आणि बांगलादेशच्या हद्दीवर, शून्य रेषेला (दोन देशांमधल्या प्रत्यक्ष सीमारेषेला) अगदी खेटून, आठवड्यातल्या ठरलेल्या वारी भरणारा बाजार. कस्टम ड्युटी नाही, भारताचा रुपया आणि बांगलादेशचा टाका दोन्ही चालतात, मालाच्या बदल्यात माल दिला तरी कुणी अडवत नाही. शब्द आपल्याला परका नाही, संस्कृत 'हट्ट' वरून आलेला, आणि 'बाजारहाट' मधला हाट तो हाच.

उगम : इथे मतं वेगवेगळी आहेत. एक मत असं की हा जुनाच प्रकार आहे, १९४७ च्या आधी मेघालयातल्या खासी आणि गारो डोंगरातली माणसं संत्री, सुपारी, चुनखडी घेऊन खाली आता बांगलादेशात असलेल्या सिल्हेट-मैमनसिंगच्या सपाटीवर उतरायची आणि तांदूळ, सुकी मासळी घेऊन वर जायची, फाळणीने हे सगळं तुटलं आणि सीमा हाट म्हणजे त्याचीच पुन्हा जोडणी. दुसरं मत १९७२ कडे बोट दाखवतं. त्या वर्षी मार्चमध्ये झालेल्या व्यापार करारात सीमेच्या दोन्ही बाजूंना १६ किलोमीटरच्या पट्ट्यात मोकळ्या व्यापाराची सोय होती, पण चोरटा व्यापार वाढतोय म्हणून ती त्याच वर्षी गुंडाळली. तिसरं मत सरळ कागदावर चालणारं : जानेवारी २०१० मध्ये बांगलादेशच्या तेव्हाच्या पंतप्रधान शेख हसीना दिल्लीत आल्या तेव्हाच्या संयुक्त निवेदनात मेघालय सीमेवरच्या हाटांचा उल्लेख आला, ऑक्टोबरमध्ये सामंजस्य करार झाला आणि जुलै २०११ मध्ये पश्चिम गारो हिल्समधल्या कलाईचरला पहिला हाट उघडला. यातलं तिसरं जास्त पटतं, कारण जुन्या बाजारातून घाऊक माल लांबपर्यंत जायचा आणि आताच्या हाटात नेमकं तेच होऊ द्यायचं नाही असा नियम केलाय, तेव्हा 'पुनरुज्जीवन' म्हणणं जरा ताणलेलंच. पण जागा निवडताना जुन्या वाटा लक्षात घेतल्या असाव्यात, हे मात्र नाकारता येत नाही.

नंतर मेघालयात बलात, त्रिपुरात श्रीनगर आणि कमलासागर (दोन्ही २०१५) वगैरे.

व्यवहार : साधारण ७५ बाय ७५ मीटरची कुंपण घातलेली जागा, दोन बाजूंना दोन गेट, आत पत्र्याच्या शेड. विक्रेते ५ किलोमीटरच्या आतले, त्यांना पास. गेटवर सीमा सुरक्षा दलाचा जवान पास बघतो, पिशवी उघडायला लावतो, मग आत. भारताकडून मसाले, फळं, साबण-पावडर, कॉस्मेटिक्स. पलीकडून सुकी मासळी, बिस्किटं, प्लास्टिक आणि मेलामाइनची भांडी, कपडे. कागदावर स्थानिक मालावर भर होता, पण कारखान्यातला साबण कुणाच्या परसात पिकतो हे विचारण्यात अर्थ नाही. एका माणसाने एका दिवशी किती घ्यायचं याची मर्यादा आधी ५० डॉलर, मग १००, मग २०० अशी वाढत गेली. मार्च २०२० मध्ये कोविडमुळे हाट बंद झाले आणि ते सुरळीत व्हायला बराच वेळ गेला.

पुढचं चित्र : मोठ्या व्यापारापुढे हे आकडे किरकोळ आहेत, पण शेजाऱ्यांमधला व्यापार अडतो कुठे ते इथून स्पष्ट दिसतं. साफ्टा (दक्षिण आशियाई देशांमधला मुक्त व्यापार करार) २००६ पासून लागू आहे, भारताने २०११ मध्ये सार्क या त्याच देशांच्या संघटनेतल्या अल्पविकसित देशांना दारू-तंबाखू सोडून जवळपास सगळ्या मालावर ड्युटी माफ केली, तरी दक्षिण आशियातल्या देशांचा आपापसातला व्यापार त्यांच्या एकूण व्यापाराच्या ५ टक्क्यांच्या आसपासच राहिला. अडचण ड्युटीपेक्षा गेटची आहे : पेट्रापोल-बेनापोल या पश्चिम बंगालच्या सीमेवरच्या नाक्यावर ट्रकांच्या रांगा, मालाची चढ-उतार, आणि कधीही निघणारा आदेश. कांद्याचंच बघा. सप्टेंबर २०१९ मध्ये निर्यात एकदम बंद झाली, नाशिकच्या शेतकऱ्याचा भाव पडला आणि ढाक्यात कांदा कडाडला, पुढच्याच महिन्यात हसीनांनी दिल्लीत सांगितलं की आचाऱ्याला कांदा बंद करायला सांगितलाय, लोक हसले पण टोमणा बसायचा तिथे बसला. एप्रिल २०२५ मध्ये बांगलादेशने जमिनीवरच्या बंदरांतून भारताचं सूत घेणं थांबवलं, आणि मे महिन्यात भारताने तिथले तयार कपडे फक्त न्हावा शेवा आणि कोलकाता या समुद्री बंदरांतूनच घ्यायचं ठरवलं, म्हणजे पेट्रापोलला काही तासांत येणारा शर्ट आता जहाजावर चढणार.

नोव्हेंबर २०२६ मध्ये बांगलादेश अल्पविकसित देशांच्या यादीतून बाहेर पडायचं ठरलेलं आहे, तसं झालं की ती ड्युटीमाफी आपोआप चालू राहणार नाही, नवा करार लागेल. त्याची बोलणी अधूनमधून होतात. विजेचं काम त्यामानाने पुढे गेलंय, नोव्हेंबर २०२४ मध्ये नेपाळची ४० मेगावॉट वीज भारताच्या तारांवरून बांगलादेशला पहिल्यांदा पोचली.

इतर सीमा : काश्मीरमध्ये ताबारेषेवर २००८ पासून २१ प्रकारच्या मालाची पैशाशिवाय अदलाबदल चालायची, ती एप्रिल २०१९ मध्ये थांबली. सिक्कीममधली नथु ला खिंड २००६ ला व्यापारासाठी उघडली होती, २०२० मध्ये तिथलीही ये-जा बंद पडली.