सरफेस ट्रीटेड फिलर: स्टिअरिकचा लेप वेगळा, सिलेनचा टाका वेगळा

कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत आमचं रबर मोल्डिंगचं छोटं शेड आहे, पंपाच्या रिंगा, बुश, गास्केट असली कामं. रबरात भर म्हणून जी खनिज पावडर घालतात तिला फिलर म्हणतात. मागं एकदा आमचा नेहमीचा फिलर, ट्रीटेड क्ले म्हणजे लेप दिलेली बारीक पांढरी माती, मिळेना म्हणून सप्लायरनं दुसरी पांढरी पावडर पाठवली, पोत्यावर छापलेलं तेच, सरफेस ट्रीटेड, आणि फोनवर म्हणाला दोन्ही ट्रीटेडच हायत, काय फरक पडत न्हाई, वर किलोमागं स्वस्त. मिलवर, म्हणजे रबर कालवायच्या दोन रोलांच्या यंत्रावर, पावडर लोण्यासारखी मिसळली, डाय म्हणजे साचा झकास भरला, शोअर हार्डनेस, म्हणजे रबराचा कडकपणा, दोन-तीन पॉइंटच खाली, म्हणून माल पास केला आणि पाठवला. महिनाभरात रिंगा परत यायला लागल्या, काही कडेला फाटलेल्या, काही दाबून चपट्या झालेल्या त्या परत फुगल्याच नाहीत. पहिली पावडर सिलेन लावलेली क्ले होती, दुसरी स्टिअरिक ॲसिड लावलेला खडू, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. तेव्हापासून ट्रीटेड हा शब्द ऐकला की मी पुढचा प्रश्न विचारल्याशिवाय फोन ठेवत नाही, आणि हा फरक आपल्याकडच्या प्लास्टिक-रबर-फाउंड्रीवाल्या सगळ्यांना नीट कळावा असं मनापासून वाटतं म्हणून एवढं लांबण लावतोय.

आधी मुळात ट्रीटमेंट कशाला ते बघू. खडू, वाळू, क्ले, काच हे सगळं खनिज, त्याच्या पृष्ठभागाला पाणी आवडतं. रबर आणि बहुतेक प्लास्टिक तेलकट स्वभावाचं, त्याला पाण्याचा तिटकारा. दोघांना नुसतं एकत्र कालवलं तर पावडरचे कण एकमेकांना धरून गुठळ्या करतात आणि रबराला जवळ येऊ देत नाहीत. म्हणून मध्ये एखादा असा रेणू घालायचा ज्याचं एक टोक खनिजाला रुचेल आणि दुसरं रबराला. इथपर्यंत स्टिअरिक आणि सिलेन दोघंही सारखेच, आणि गोंधळ इथंच होतो.

स्टिअरिक ॲसिड म्हणजे अठरा कार्बनची चरबीची शेपटी आणि तिच्या टोकाला ॲसिडचं डोकं. साधारण ६९ अंशाला वितळतं, म्हणून गरम हायस्पीड मिक्सरमध्ये खडूबरोबर फिरवलं की ते डोकं खडूतल्या कॅल्शियमला धरतं, कणाच्या अंगावरच कॅल्शियम स्टिअरेट तयार होतं आणि शेपट्या सगळ्या बाहेर. लागतं पण किती कमी बघा, एक ग्रॅम पावडरचं क्षेत्रफळ पाच चौरस मीटर धरलं तर रेणूंचा एक थर द्यायला जेमतेम अकरा मिलिग्रॅम, म्हणजे एक टक्क्याच्या आसपास. बरेच लोक म्हणतात की स्टिअरिक नुसतं वरवर बसतं आणि सिलेन केमिकली चिकटतं. हे अर्धवट खरं आहे, कारण पहिला थर स्टिअरिकचा सुद्धा केमिकलीच बसतो, जास्तीचं जे घातलं तेवढंच मोकळं राहतं आणि गरम सॉल्व्हंटमध्ये धुतलं की जातं. तेव्हा खनिजाच्या बाजूला फरक शोधून उपयोग नाही, फरक रबराच्या बाजूला आहे. ती जी चरबीची शेपटी बाहेर राहते ती रबरात मिसळते, सरकते, पण रबराला धरत नाही, धरायला तिच्याकडं हातच नाही.

घरातलं उदाहरण द्यायचं तर शंकरपाळीच्या पिठात कडकडीत मोहन घालतो ना, ते हुबेहूब हेच. तूप पिठाच्या कणांवर बसतं, कण एकमेकांना धरत नाहीत, पीठ हाताला मोकळं लागतं, आणि शंकरपाळी दाताखाली खुसखुशीत तुटते. खुसखुशीत तुटणं शंकरपाळीत हवं, पंपाच्या रिंगेत नको. म्हणून माझी मिलवर लोण्यासारखी मिसळलेली पावडर आणि फाटलेली रिंग या दोन तक्रारी नव्हत्याच, एकाच गोष्टीच्या दोन बाजू होत्या. पण म्हणून स्टिअरिक वाईट असं कोणी समजू नका. पीव्हीसी पाइपमध्ये, फिल्ममध्ये, जिथं फिलर नीट पसरायला हवा, ओल धरायला नको, मशीनवर भार कमी हवा, तिथं तेच योग्य आणि स्वस्त. धक्का बसला की कण सुटून आजूबाजूच्या प्लास्टिकला ताणायला जागा करून देतो, त्यामुळं कधीकधी इम्पॅक्ट, म्हणजे धक्का सोसायची ताकद, वाढते पण. ओढून बघायची ताकद मात्र त्यानं वाढत नाही.

आता सिलेन. मधोमध सिलिकॉनचा अणू, त्याच्या तीन बाजूंना मिथॉक्सी किंवा इथॉक्सी नावाचे गट, आणि चौथ्या बाजूला एक वेगळा हात. ओल मिळाली की त्या तीन बाजू सुटतात, मिथेनॉल किंवा इथेनॉल बाहेर पडतं, आणि उरलेलं सिलिकॉन वाळूच्या, काचेच्या, क्लेच्या अंगावर जे ओएच, म्हणजे ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या, असतात त्यांच्याशी ऑक्सिजनचा पूल बांधतं. सिलिकाच्या एका चौरस नॅनोमीटरवर असे साधारण चार ते पाच ओएच असतात, म्हणजे धरायला जागा भरपूर. आणि चौथा हात रबरातल्या किंवा रेझिनमधल्या रेणूशी क्युरिंगच्या वेळी, म्हणजे माल पक्का होताना, जोडला जातो. कोल्हापुरी चपलेला तेल पाजलं की चामडं मऊ राहतं, पाणी धरत नाही, पण तळाचे थर एकत्र धरतो तो वादीचा टाका, तेल नव्हे. स्टिअरिक म्हणजे ते तेल आणि सिलेन म्हणजे टाका.

पण, आणि हा पण मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, सिलेन म्हटलं की टाका पडलाच असं नाही. १९४७ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स युनिव्हर्सिटीत राल्फ विट आणि सहकाऱ्यांनी नौदलासाठी काचेच्या धाग्यांवर काम केलं होतं. एका काचेला त्यांनी इथाइल हात असलेलं सिलेन लावलं, दुसरीला ॲलाइल हात असलेलं, दोन्हींवर पॉलिस्टर रेझिन चढवलं. काचेच्या बाजूनं दोन्ही सारखेच बसणारे, पण ॲलाइलवाल्याची ताकद इथाइलवाल्याच्या जवळपास दुप्पट भरली, कारण ॲलाइलमध्ये कार्बन-कार्बनचा दुहेरी बंध आहे, तो पॉलिस्टर घट्ट होताना त्यात सामील होतो, आणि इथाइल नुसतं शेजारी उभं राहतं. म्हणजे इथाइलवालं सिलेन असून वागलं लेपासारखं. हे मला कळलं तेव्हा माझ्या डोक्यातला सगळा गुंता सुटला, कारण प्रश्न रसायनाच्या नावाचा नाहीच, रबराकडं तोंड करून जो हात आहे तो रिकामा आहे की कामाचा, एवढाच आहे. आजही ऑक्टाइल सिलेन लावलेली पावडर मिळते, पाणी झटकायला उत्तम, पण जोड म्हणून तिच्यावर विसंबू नये.

म्हणून हात बघून सिलेन घ्यायचं. गंधकानं क्युअर होणाऱ्या रबरात मर्कॅप्टो किंवा टेट्रासल्फाइडवालं, यातल्या टेट्रासल्फाइडवाल्याला आमच्या धंद्यात एसआय-६९ म्हणतात. पेरॉक्साइड क्युअरला व्हिनाइल. नायलॉन आणि इपॉक्सीला अमिनो, इपॉक्सीला इपॉक्सी हातवालं पण चालतं, पॉलिस्टर आणि ॲक्रिलिकला मेथॅक्रिल. गंधकाच्या कंपाउंडमध्ये व्हिनाइलवाली क्ले घातली तर पैसे सिलेनचे जातात आणि काम लेपाचं मिळतं, असं करणारी शेडं मी बघितलीत. तसंच खनिज पण बघायला लागतं. सिलिका, काच, क्ले, अभ्रक यांना सिलेन झकास धरतं, खडूला धरत नाही कारण त्याच्या अंगावर तसले ओएच नाहीत. खडूच भरायचा असेल आणि जोड पण हवा असेल, समजा पॉलिप्रॉपिलीनमध्ये, तर मलेइक ॲनहायड्राइड लावलेलं पॉलिप्रॉपिलीन थोडं घालतात, तो वेगळाच मार्ग.

आपल्याकडं परीक्षा म्हणून एक गोष्ट सर्रास करतात, ग्लासभर पाण्यात चिमूटभर पावडर टाकायची, तरंगली की ट्रीटमेंट चांगली. भावांनो, ही परीक्षा फक्त पाणी झटकतंय का एवढंच सांगते. स्टिअरिकचा खडू टेचात तरंगतो, आणि अमिनो सिलेन लावलेली उत्तम पावडर सरळ भिजून खाली बसते, कारण अमिनोला पाणी आवडतं. तरंगण्यावरून जोड ओळखायला गेलं की नेमकी उलटी पावडर निवडली जाते. जोड बघायचा तर डंबेल, म्हणजे मधे बारीक असलेली रबराची पट्टी, कापून ३०० टक्के ताणाला मॉड्युलस, म्हणजे तेवढं ताणायला लागणारा जोर, बघा, लेपाच्या मालात रबर लांब जातं पण मॉड्युलस पडतो, जोडाच्या मालात मॉड्युलस चढतो. आणि तेच डंबेल उकळत्या पाण्यात काही तास ठेवून परत ओढा, कारण पाणी खनिज आणि रबराच्या मधल्या फटीत शिरतं आणि जिथं टाका नाही तिथं पहिलं उघडं पाडतं.

फाउंड्रीवाल्यांना तर ही दोन्ही एकाच कणावर रोज हाताळायला मिळतात. कासार्ड्याची सिलिका वाळू घाट चढून वर येते, शेल कोअरसाठी, म्हणजे ओतकामात पोकळी ठेवायला साच्यात बसवतात त्या वाळूच्या गाभ्यासाठी, ती तापवून तिच्यावर फिनॉलिक रेझिन चढवतात, ते पक्कं व्हायला हेक्झामिन घालतात, आणि शेवटी कॅल्शियम स्टिअरेट. हे स्टिअरेट बाहेरून बसतं म्हणून वाळू कोअर बॉक्सच्या, म्हणजे कोअरच्या साच्याच्या, कानाकोपऱ्यात पाण्यासारखी जाते आणि कोअर बॉक्सला चिकटत नाही. आणि त्याच रेझिनच्या आत अगदी थोडं, टक्क्याच्या आतच, अमिनो सिलेन घातलेलं असतं, ते वाळूचा कण आणि रेझिन यांना एकमेकांत शिवतं. गोकुळ शिरगावातल्या एका दोस्तानं कोअर ठिसूळ येतोय म्हणून स्टिअरेट वाढवून बघितलं होतं, वाळू आणखी छान वाहिली आणि कोअर आणखी ठिसूळ झाला. त्याला सिलेन ताजं असलेलं रेझिन हवं होतं.

बाहेरच्या जगात या जोडानं काय केलंय तेही बघण्यासारखं आहे. मिशेलिननं १९९२ मध्ये काळ्या कार्बनच्या जागी बरीचशी सिलिका घालून कमी इंधन खाणारा टायर आणला, तो उभा आहे तो टेट्रासल्फाइड सिलेनवर, त्याच्याशिवाय एवढी सिलिका रबरात पेलवलीच नसती. दाताचा डॉक्टर जे पांढरं सिमेंट भरतो त्यातसुद्धा सिलेन लावलेली बारीक काच किंवा सिलिका असते, राफाएल बोवेन यांनी १९६२ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. लाळेत, गरम चहात, चावण्याच्या दाबात ते वर्षानुवर्षं टिकतं ते या टाक्यामुळं.

मात्र टायरवाल्यांचं बघून थेट मिलवर सिलिका आणि एसआय-६९ ओतायला जाऊ नका. ते सिलेन सिलिकाला नीट धरायला कंपाउंड १४० ते १६० अंशात काही मिनिटं ठेवायला लागतं, त्याच्या खाली अर्धवट राहतं आणि वर गेलं तर आतला गंधक सुटून कंपाउंड मिक्सरमध्येच जळायला लागतं. बंद नीडरमध्ये, म्हणजे झाकणबंद मिक्सरमध्ये, हे जमतं, आमच्यासारख्या उघड्या मिलवर नाही, म्हणून आम्ही आधीच ट्रीट केलेली क्ले घेतो. आणि जास्त घातलं तर जास्त ताकद असंही नाही, गरजेपेक्षा जास्त सिलेन स्वतःशीच जोडून एक कमकुवत साय धरतं आणि जोड तिथंच सुटतो.

ज्यांच्याकडं सिलेनचा कॅन आहे त्यांनी जूनच्या आधी एक काम करावं, झाकणाची रबर रिंग बदलून घ्यावी. ज्या ओलीनं सिलेन काचेवर बसतं तीच ओल कॅनमध्ये शिरली की ते आपसातच जोडून घेतं, आणि कोल्हापुरातल्या जुलैच्या हवेत दोन-तीनदा उघडं ठेवलेल्या कॅनच्या तोंडाशी पांढरी खरपुडी धरलेली दिसते. खाली उरलेलं गढूळ दिसायला लागलं असेल तर ते कंपाउंडमध्ये घालू नका, त्यातले हात शाबूत असतात, पण खनिजाला धरणारी बाजू संपलेली असते.