बीपी नॉर्मल आलंय, मग गोळी कशाला?

रक्तदाब 150/95 असला तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही. गोळीचा त्रास मात्र जाणवतो. त्यामुळे गोळी सुटते, आणि तीही फार लवकर. औषधाच्या डबीच्या झाकणात, डबी कधी उघडली ते टिपणारं इलेक्ट्रॉनिक नोंदयंत्र बसवून केलेल्या 21 अभ्यासांमधल्या 4,783 रुग्णांच्या नोंदी 2008 साली एकत्र तपासल्या गेल्या. वर्षभरात जवळपास निम्म्या लोकांनी औषध बंद केलेलं होतं.

रीडिंग 126/80 आलं की ‘आता बरा झालो’ असं वाटणं स्वाभाविक आहे. पण तो आकडा गोळीमुळेच खाली आलेला असतो. गोळी थांबवली की काही दिवसांत किंवा आठवड्यांत दाब बहुधा पुन्हा चढतो, आणि चढताना सांगत नाही.

प्रत्येक गोळीचं सुटणं सारखं नसतं. अॅम्लोडिपिनचं रक्तातलं प्रमाण निम्मं व्हायला 30 ते 50 तास लागतात, म्हणून एखादा डोस चुकला तरी ती बरीचशी सांभाळून घेते. क्लोनिडिन अचानक बंद केलं तर दाब उसळून पूर्वीपेक्षाही वर जाऊ शकतो. मेटोप्रोलोलसारखे बीटा ब्लॉकर (हृदयाचे ठोके मंदावणारी औषधं) हृदयविकार असलेल्यांनी एकदम सोडले तर छातीत दुखणं, अगदी हार्ट अटॅकसुद्धा येऊ शकतो. ही औषधं बंद करायचीच असतील तर डॉक्टरांच्या सांगण्यानुसार हळूहळू कमी करावी लागतात.

त्रासावर बहुतेक वेळा उपाय असतो, फक्त तो त्रास बोलून दाखवायला हवा. अॅम्लोडिपिनने घोटे सुजतात ते शरीरात पाणी साठल्यामुळे नव्हे. बारीक धमन्या सैलावतात, केशवाहिन्यांतला दाब वाढतो आणि द्रव बाहेर झिरपतो. म्हणून लघवीची गोळी घेऊन ही सूज फारशी उतरत नाही. डोस कमी केला किंवा जोडीला टेल्मिसार्टनसारखं औषध दिलं की ती बऱ्याचदा कमी होते. एनालाप्रिल, रॅमिप्रिल यांनी कोरडा खोकला येत असेल तर डॉक्टर सहसा ‘सार्टन’ गटातली, म्हणजे टेल्मिसार्टनसारखी गोळी देतात.

सकाळी घ्यावी की रात्री? ब्रिटनमध्ये 21,000 हून अधिक लोकांवर झालेल्या, 2022 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत हार्ट अटॅक आणि पक्षाघात यांच्या बाबतीत काहीच फरक दिसला नाही. तेव्हा जी वेळ चुकत नाही ती आपली. दात घासण्याशी गोळी जोडून टाका आणि सात खणांचा डबा वापरा: मंगळवारचा खण भरलेला दिसला की घेतली की नाही हा प्रश्नच उरत नाही. राहिलेली गोळी त्याच दिवशी आठवली तर घ्या. दुसऱ्या दिवशीची वेळ जवळ आली असेल तर ती सोडून द्या, दोन एकदम कधीच घेऊ नका.

मनाचाही यात वाटा आहे. कॅनडातल्या पोलाद कामगारांवरचा 1978 सालचा अभ्यास आजही विचार करायला लावतो. ‘तुम्हाला बीपी आहे’ हे नव्याने कळल्यावर त्यांच्या आजारपणाच्या रजा वाढल्या, औषध सुरू झालं असो वा नसो. नैराश्य असलेल्यांच्या गोळ्या जास्त चुकतात, हेही वारंवार दिसलं आहे. झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल तर तेही तपासणीच्या वेळी सांगायला हवं.

आणि चुकलेल्या गोळ्या तर नक्कीच सांगा. आठवड्यात तीन राहिल्या हे डॉक्टरांना माहीत नसेल, तर औषध कमी पडतंय असं समजून ते डोस वाढवतात. मग एखाद्या आठवड्यात सगळ्या गोळ्या नेमाने घेतल्या जातात, दाब खूप खाली येतो आणि अंथरुणातून उठताना डोळ्यांपुढे अंधारी येते.