चार हॅण्डसेट, पण वायर एकच

कॉर्डलेस फोनचा चार हॅण्डसेटवाला सेट घेतला की बरेच जण पहिलं विचारतात, आता प्रत्येक खोलीत फोनची वायर ओढायची का? नाही हो. लाइन फक्त बेसला, म्हणजे सेटमधल्या मुख्य डब्याला लागते, बाकीच्या हॅण्डसेटच्या चार्जरना नुसता लाइटचा प्लग पुरतो, ते बेसशी रेडिओवर बोलतात.

पण बेसपर्यंत येणारी लाइन धड हवी ना. जुन्या लँडलाइनला दोनच तारा. फोन ठेवलेला असताना त्यांच्यावर साधारण 48 व्होल्ट डीसी असतो आणि तोही मायनस, म्हणजे प्लसची बाजू एक्स्चेंजमध्ये अर्थ केलेली. हे उगाच नाही, तार जमिनीच्या मानाने प्लस असती तर ओल लागली की तांबं विरघळत गेलं असतं, मायनस ठेवल्याने ते खूप कमी होतं. रिसीव्हर उचलला की सर्किट पूर्ण होतं, 20-40 मिलिअँपिअर करंट वाहतो, एक्स्चेंजला कळतं आणि डायल टोन येतो, त्याच वेळी तुमच्याकडचा व्होल्टेज दहाच्या आसपास उतरतो. रिंग मात्र एसी, 75 व्होल्टच्या घरात, म्हणून रोझेट (भिंतीवरची फोनच्या जोडणीची डबी) उघडून तारा हातात धरलेल्या असताना कोणाचा फोन आला तर चांगलाच झटका बसतो.

घरातले सगळे वायरवाले फोन या एकाच जोडीवर पॅरलल लावलेले असतात. म्हणून तर बेडरूममधला फोन हळूच उचलून हॉलमधलं बोलणं ऐकता यायचं (आणि लग्नाच्या बोलण्यांत काय काय व्हायचं ते सोडा). एका पाइपवरचे दोन नळ एकदम सोडले की धार बारीक होते तसंच, दोन फोन उचलले की करंट वाटला जातो आणि आवाज बसतो. जुन्या घंटीवाल्या फोनांचंही तेच, चार-पाचच्या वर लावले की रिंग रडकी होते. कॉर्डलेसमध्ये हा प्रश्नच नाही, हॅण्डसेट कितीही असोत, लाइनला दिसतो एकच फोन.

लाइनमध्ये खरखर येत असेल तर आधी सगळे फोन काढा आणि बाहेरून तार येते त्या पहिल्या रोझेटला एकच साधा फोन लावून बघा. तिथे स्वच्छ ऐकू आलं तर दोष घरात. बहुतेक वेळा पावसाळ्यात एखाद्या डब्यात स्क्रूखाली तांब्यावर हिरवी पूड धरलेली सापडते, तेवढा तुकडा कापायचा, तार नव्याने सोलायची, घट्ट आवळायची. लाइनवर ब्रॉडबँड असेल तर प्रत्येक फोनला फिल्टर किंवा सुरुवातीलाच एक स्प्लिटर (दोन्ही फोनचा आवाज आणि नेट वेगळे ठेवतात) हवा, नाहीतर सुं सुं आवाज आणि नेट पण तुटतं.

बेस घराच्या मधोमध ठेवा, आरसीसीच्या भिंती रेंज खातात. लाइट गेले की बेस बंद, एक्स्चेंजच्या बॅटरीवर लाइन चालू असली तरी, म्हणून एक साधा वायरवाला फोन लावून ठेवाच.

अमेरिकेतल्या नातेवाइकांनी डेक्ट 6.0 चा (डेक्ट म्हणजे कॉर्डलेस फोनची रेडिओ पद्धत, 6.0 हा तिचा अमेरिकी प्रकार) सेट आणला तर तो इथे लावू नका. तो 1920 ते 1930 मेगाहर्ट्झवर चालतो, आपल्याकडे ती जागा मोबाइलला दिलेली, टॉवरला त्रास होतो आणि वापरायला परवानगीही नाही. युरोपातला डेक्ट 1880 ते 1900 वर असतो, तो वेगळा.

फायबर घेतलं असेल तर बेस सरळ फायबरच्या डब्यातल्या फोन पोर्टला लावा. घरातली जुनी वायरिंग त्यावर चालवायची असेल तर आधी बाहेरून येणारी तांब्याची जोडी पहिल्या रोझेटमधून सोडवून टाका, दोन्हीकडचे व्होल्टेज एकमेकांवर आले तर तो पोर्ट उडू शकतो.