तिसऱ्या गुणसूत्राची हरवलेली भुजा

किडनीच्या कॅन्सरचं निदान होतं तेव्हा रुग्ण बहुधा साठीच्या आसपास असतो. पण ‘क्लिअर सेल’ या सर्वांत जास्त आढळणाऱ्या प्रकारात पहिला बिघाड बऱ्याचदा शाळकरी वयातच होऊन गेलेला असतो, असं २०१८ मध्ये ब्रिटनमधल्या संशोधकांनी गाठींच्या डीएनएमधल्या खुणा मोजून दाखवून दिलं. मला ही गोष्ट अजूनही अचंबित करते.

तो बिघाड असा. प्रत्येक पेशीत तिसऱ्या गुणसूत्राच्या दोन प्रती असतात. त्याच्या आखूड भुजेवर व्हीएचएल, पीबीआरएम१, सेटडी२ आणि बॅप१ ही चार जनुकं आहेत आणि चारही कॅन्सरला अटकाव करतात. पेशीविभाजनात गडबड होऊन ती भुजाच गेली, तर चौघांचीही एकेक प्रत एका फटक्यात जाते. पेशी तेवढ्याने बिघडत नाही, उरलेल्या प्रतीवर तिचं भागतं. मात्र स्टेपनी आधीच वापरून झालेल्या गाडीसारखी तिची गत होते. पुढे कधीतरी व्हीएचएलच्या शिल्लक प्रतीत उत्परिवर्तन, म्हणजे डीएनएमध्ये बदल, झाला की ते जनुक कायमचं बंद. दोन्ही प्रती निकामी व्हाव्या लागतात, हा सिद्धांत कॅन्सर-संशोधक अल्फ्रेड नूडसन यांनी १९७१ मध्येच लहान मुलांच्या डोळ्यांतल्या कॅन्सरवरून मांडला होता.

व्हीएचएल नसलं की एचआयएफ नावाची, एरवी ऑक्सिजन कमी पडल्यावर कामाला लागणारी प्रथिनं पेशीत साठत जातात. ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो कमी असल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या ओढून घेते. या गाठींमध्ये रक्तवाहिन्यांचं जाळं दाट असतं ते यामुळेच.

इथून पुढे त्या एका पेशीच्या वंशजांत चढाओढ सुरू होते. कॅन्सर म्हणजे पेशींची उत्क्रांतीच, असं कॅन्सर-संशोधक पीटर नॉवेल यांनी १९७६ मध्ये लिहिलं होतं. लंडनमध्ये चार्ल्स स्वॉन्टन यांच्या गटाने २०१२ मध्ये एकाच गाठीचे अनेक तुकडे वेगवेगळे तपासले, तेव्हा सुमारे दोन तृतीयांश उत्परिवर्तनं सगळ्या तुकड्यांत सापडलीच नाहीत. त्याहून बोलकी गोष्ट सेटडी२ची. एकाच गाठीच्या निरनिराळ्या भागांत ते निरनिराळ्या उत्परिवर्तनांनी बंद पडलं होतं. एकमेकींशी संबंध नसताना पेशींच्या वेगवेगळ्या शाखा एकाच बिघाडापाशी पोचल्या होत्या. म्हणून एका सुईने घेतलेल्या बायोप्सीवरून सबंध गाठीबद्दल ठामपणे बोलताना जपून राहायला हवं.

कॅन्सर शरीरभर पसरतो त्यात मोठा वाटा आणखी एका तुटीचा असतो, नवव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेची. पेशीविभाजनाला आवर घालणारं सीडीकेएन२ए हे जनुक तिथेच आहे. ही तूट गाठीच्या एखाद्याच कोपऱ्यात असली तरी धोका असतो, कारण दुसऱ्या अवयवात जाऊन रुजणाऱ्या पेशी बऱ्याचदा त्याच कोपऱ्यातून निघतात.

व्हीएचएलचा बिघाड मात्र मुळातलाच, त्यामुळे बहुतेक गाठींत तो सगळ्या शाखांत असतो. औषध शोधणाऱ्यांनी नेम धरला तो तिथेच. एचआयएफ प्रथिनांपैकी एचआयएफ-२ला रोखणारं बेल्झुटिफॅन हे औषध २०२१ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. याच वर्गातल्या आधीच्या एका औषधाच्या चाचणीत मात्र किमान एका रुग्णाच्या गाठीत एचआयएफ-२च्या जनुकातच नवं उत्परिवर्तन झालेलं आढळलं आणि त्या पेशींवर औषध चालेनासं झालं.