अस्वलाची शीतनिद्रा "खरी" नाही, असं लोक का म्हणतात?

थंडी आली की कोणीतरी हमखास म्हणतं, अस्वल काय खरं हायबरनेट करत नाही, ते नुसतं झोपतं. हे मला पटत नाही, पण हे बोलणं आलं कुठून ते बघण्यासारखं आहे.

अस्वल हिवाळ्यात दडून बसतं हे ॲरिस्टॉटलनेसुद्धा लिहून ठेवलंय. पण आत बिळात नेमकं काय चालतं ते बघणार कोण? म्हणून मग लोक म्हणायचे की ते पंजे चाटून दिवस काढतं, आणि रोमन काळात प्लिनीने तर लिहिलं की पिल्लू जन्मतं तेव्हा नुसता मांसाचा गोळा असतो, आई चाटून चाटून त्याला आकार देते. यात थोडं खरं निरीक्षण आहे बरं का, कारण एवढ्या मोठ्या आईचं पिल्लू भर हिवाळ्यात, जानेवारीच्या सुमाराला जन्मतं ते जेमतेम अर्ध्या किलोचं, डोळे मिटलेलं. मीलन उन्हाळ्याच्या सुरुवातीला होतं पण गर्भ महिनोन्महिने तसाच थांबून राहतो, नोव्हेंबरच्या आसपास गर्भाशयात रुजतो, आणि आईच्या अंगावर पुरेशी चरबी नसेल तर बहुधा रुजतच नाही.

मग आला थर्मामीटर, आणि खरी गडबड तिथे झाली. आर्क्टिकमधल्या जमिनीत राहणाऱ्या खारीचं शरीर शीतनिद्रेत शून्याच्याही खाली जातं, हे १९८९ मध्ये मोजलं गेलं. अस्वल मात्र ३७-३८ अंशांवरून साधारण ३२-३३ पर्यंतच उतरतं, त्यामुळे पुस्तकांनी त्याला "खऱ्या" यादीतून काढून नुसती हिवाळी झोप म्हटलं.

दरम्यान जंगलातही काम चालू होतं. फ्रँक आणि जॉन क्रेगहेड या संशोधक भावांनी १९५९ मध्ये अमेरिकेतल्या यलोस्टोन राष्ट्रीय उद्यानातल्या ग्रिझलींचा (म्हणजे तपकिरी अस्वलांचाच एक प्रकार) अभ्यास सुरू केला, १९६१ मध्ये त्यांच्या गळ्यात रेडिओ कॉलर (माग काढता येईल असा पट्टा) लावली आणि माग काढत थेट बिळापर्यंत पोचले. त्यांना दिसलं की बीळ आधीच खणून तयार असतं आणि अस्वलं जोराचा बर्फ पडत असतानाच आत शिरतात, म्हणजे मागे पावलांचे ठसे उरत नाहीत. मला हे वाचून अजूनही अंगावर काटा येतो.

आत गेल्यावर पाच-सहा महिने, अति थंड भागात त्याहून जास्त, खाणं नाही, पिणं नाही, लघवी नाही. १९७० च्या दशकात संशोधक राल्फ नेल्सन यांनी काळ्या अस्वलांवर काम करून दाखवलं की युरिया (एरवी लघवीतून जाणारा टाकाऊ पदार्थ) बाहेर न टाकता त्यातला नायट्रोजन शरीर परत प्रोटीनसाठी वापरतं, म्हणून स्नायू फारसे झिजत नाहीत.

वादाचा निकाल माझ्या मते २०११ ला लागला. अलास्कात काळ्या अस्वलांना कृत्रिम बिळात ठेवून ती किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं, तर शरीराचं तापमान ३० ते ३६ च्या मधे पण मेटाबॉलिझम (शरीराचा ऊर्जा वापरण्याचा वेग) नेहमीच्या २५ टक्क्यांवर, हृदयाचे ठोके मिनिटाला ५५ वरून १४. मोठं शरीर, जाड फर, उष्णता फारशी बाहेर जात नाही, मग तापमानावरून ठरवायचं कसं? मोजपट्टीच चुकीची होती.

आता प्रश्न वेगळे आहेत. एवढे महिने पडून राहून रक्ताच्या गुठळ्या का होत नाहीत? २०२३ मध्ये स्वीडनच्या तपकिरी अस्वलांत दिसलं की हिवाळ्यात त्यांच्या प्लेटलेट्समधलं (रक्त गोठवायला मदत करणाऱ्या पेशींमधलं) एचएसपी४७ नावाचं प्रोटीन खूपच कमी होतं. मणक्याच्या दुखापतीमुळे वर्षानुवर्षं हालचाल न करू शकणाऱ्या माणसांतही ते कमीच सापडलं.