पुरुष प्रजनन ग्रंथी

पुरुषाच्या शरीरात प्रजननाचं काम बघणाऱ्या ग्रंथी म्हणजे दोन वृषणं, दोन वीर्यकोश, एक प्रोस्टेट आणि दोन छोट्या काउपर ग्रंथी. रेल्वेलाइनकडेच्या भिंतींवरच्या धातू-कमजोरीच्या जाहिराती वाचून बऱ्याच जणांना वाटतं की वीर्य सगळं वृषणातच बनतं, तेही रक्त आटवून. तसं काही नाहीये.

वृषणात बारीक नळ्यांचं गुंतवळ असतं, शुक्राणू तिथे तयार होतात आणि एक शुक्राणू पूर्ण घडायला साधारण दोन-अडीच महिने जातात, म्हणून मोठा ताप येऊन गेला तर त्याचा फटका वीर्यतपासणीच्या रिपोर्टमध्ये लगेच नाही, काही आठवड्यांनी दिसतो. नळ्यांच्या मधल्या जागेतल्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात, दाढीमिशी, आवाज, स्नायू सगळं त्याच्यावर. शुक्राणूंना ३७ डिग्री जास्त होतात, २-३ डिग्री कमीच लागतात, म्हणून तर वृषणं पोटाबाहेर पिशवीत असतात. डिसेंबरात रामकुंडात डुबकी मारली की पिशवी आक्रसून वर येते आणि एप्रिलच्या उन्हात सैल पडते, ते त्याचसाठी.

वीर्यातला ६० ते ७० टक्के द्रव मूत्राशयामागचे वीर्यकोश देतात. त्यात फ्रुक्टोज असतं (आपल्या निफाडच्या द्राक्षात असते तीच साखर), शुक्राणूंना ताकद त्यातून मिळते. उरलेला बराचसा द्रव प्रोस्टेटचा. ही मूत्राशयाच्या खाली मूत्रनळीला वेढून असते, तरुणपणी २० ग्रॅमच्या आसपास, आणि तिच्यातलं पीएसए हे प्रोटीन घट्ट झालेलं वीर्य थोड्या वेळात पातळ करतं. पन्नाशीनंतर ती बहुतेकांची वाढते, नळी दाबली जाते आणि रात्री तीन-तीनदा लघवीला उठावं लागतं, ही वाढ म्हणजे कॅन्सर नव्हे, पण दाखवून घ्यावं. काउपर ग्रंथी वाटाण्याएवढ्या, आधी येणारा चिकट पारदर्शक थेंब त्यांचा.

शुक्राणूंचा वाटा जेमतेम २ ते ५ टक्के, त्यामुळे नसबंदीनंतरही वीर्य दिसायला तेवढंच राहतं, आणि टेस्टोस्टेरॉन तर थेट रक्तात जातं, त्याचा नसबंदीत कापलेल्या, शुक्राणू वाहून नेणाऱ्या नळीशी संबंधच नाही, मर्दानगी जाते वगैरे सगळ्या कट्ट्यावरच्या गप्पा. फक्त ऑपरेशननंतर त्या नळीच्या पुढच्या भागात उरलेले शुक्राणू संपायला साधारण ३ महिने लागतात, तोवर निरोध वापरायचा आणि मग वीर्य तपासून घ्यायचं.